ठसका न लागणाऱ्यांचं घर

"बघितलंस? ठसका न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "मी म्हटलं न्हवतं?"

घमेल्यात निखारे फुलले होते. त्यांवर आत्ताच टाकलेल्या मिरच्या फुगून काळ्या पडत होत्या, मीठ तडतडत होतं, मोहऱ्या उडून खोलीभर पसरत होत्या. त्या धुरात आम्ही दोघी, मी आणि माझी सासू, समोरासमोर मांडी घालून खुशाल बसलो होतो. डोळ्यांत टिपूस नाही की नाकात हुळहुळ नाही. माझ्या मांडीवरचा माझा चार वर्षांचा मुलगा, ऋतुराज, तेवढा खोकत होता.

"हा खोकतोय की," मी म्हटलं.

"त्याचं धरायचं न्हाई. ते सकाळधरनंच खोकालंय. आपल्याला लागला का? न्हाई. म्हंजे दृष्ट हुती, आन् चांगली सणसणीत हुती."

दृष्ट काढायची रीत तुम्हाला माहीत असेल. मीठ, मोहऱ्या, मिरच्या पोरावरून उतरवायच्या आणि निखाऱ्यांवर टाकायच्या. धुराचा ठसका लागला, तर दृष्ट नव्हतीच. लागला नाही, तर दृष्ट होती आणि ती जळाली. त्या उन्हाळ्यात आत्याबाई रोज दिवेलागणीला ऋतूची दृष्ट काढत होत्या आणि रोज ती निघत होती. मला तर वाटायला लागलं होतं, गडहिंग्लजातल्या लोकांना आमच्या पोराकडे बघण्यापलीकडे काही उद्योग आहे की नाही.

दृष्ट निघायची आणि पोराची धाप वाढायची. बरगड्यांच्या मधलं मांस आत ओढलं जायचं, छातीतून बारीक शिट्टी वाजायची. आत्याबाई म्हणायच्या, जाता जाता त्रास देतीय.

आमचं घर कांडपाच्या वर होतं. खाली मिरची कांडपाचं यंत्र, वर माडीवर आमचा संसार. लोखंडी मुसळांची रांग धाडधाड वरखाली व्हायची, तेव्हा वर फडताळातली भांडी किणकिण वाजायची. होळी झाली की आसपासच्या गावांतल्या बायका वाळवलेली मिरची आणि भाजलेला मसाला घेऊन यायच्या, ती वर्षाची बेगमी. पाऊस तोंडावर येईपर्यंत मुसळांना विसावा नसायचा. कुटताना उडणाऱ्या पुडीचा खकाणा जिन्यावरून वर यायचा, अंथरुणांत बसायचा, भाकरीच्या पिठात उतरायचा. पांढरा पंचा दोरीवर टाकला, तर काढताना तांबूस असायचा. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. "नाईकवाड्यांना ठसका लागत नाही" हे गावात प्रसिद्ध होतं आणि आम्हाला त्याचा ताठा होता. आत्याबाई मुसळांच्या शेजारी उभ्या राहून, पदर कमरेला खोचून, बशीतून चहा प्यायच्या. बाहेर रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून शिंकत असायच्या.

मी या घरात आले तेव्हा माझीही परीक्षा झाली होती. ओल्या हळदीची नवरी, आणि यंत्राला हळदकुंकू वाहायला मला खाली नेलं. मुद्दाम लवंगी मिरचीचा घाणा चालू ठेवला होता. पाहुण्या बाया दारात जमल्या, सून कशी ठसकते ते बघायला. पण मी निपाणीची. माझ्या वडलांचा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला, माझं बाळपण वखारीच्या अंगणात. तंबाखूच्या खकाण्यात वाढलेल्या नाकाला मिरचीचं काय? मी सावकाश हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, आणि वर जाऊन विचारलं, जेवायला काय केलंय? आत्याबाई हसल्या. "सून आपल्यातलीच हाय," त्या सगळ्यांना सांगत सुटल्या. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू.

घरात वेगळे काय ते आमचे हे. सर्जेराव. लहानपणी शाळेसाठी आजऱ्याला मामाकडे राहिलेले. हे टेंपो चालवायचे, बाजारातून मिरची आणायची, पोचवायची, सगळं बाहेरचं काम. कांडपात पाऊल टाकत नसत. हंगामात गच्चीवर झोपायचे, उकडतंय म्हणून. दृष्ट काढायची वेळ झाली की खाली जाऊन रस्त्याच्या कडेला कट्ट्यावर बसायचे. असल्या गोष्टींवर ह्यांचा विश्वास नसेल, असं मी धरून चालले होते. आणि आईला 'तुम्ही' म्हणायचे. आमच्याकडे आईला कोण 'तुम्ही' म्हणतं? मी माझ्या बहिणींना कौतुकानं सांगायचे, बघा, काय रीतभात आहे माणसाला.

त्या दिवशीची धाप दुसऱ्या सकाळीही उतरली नाही. मी आत्याबाईंना म्हटलं, "मी ह्याला हुक्केरी डॉक्टरांकडं नेते."

"मीबी येती," त्या म्हणाल्या. मला एकटीला सोडणं त्यांना परवडणारं नव्हतं, पण ते मला नंतर कळलं.

हुक्केरी डॉक्टर लहान मुलांचे. सावकाश बोलणारे, बोलता बोलता पोराच्या हातात काहीतरी खेळायला देणारे. त्यांनी ऋतूची छाती पुढून ऐकली, मागून ऐकली, आणि विचारलं, "घरात कुणाला दमा आहे?"

"दमा म्हाताऱ्यांस्नी हुतो," आत्याबाई म्हणाल्या.

"लहान मुलांनाही होतो, मावशी. याला आहे. म्हणून विचारतोय. याच्या वडलांना, काकांना, आत्याला, लहानपणी कधी असा त्रास?"

"आमच्यात कुणालाबी न्हाई. नाईकवाड्यांस्नी ठसकासुदिक लागत न्हाई, गावात कुणालाबी इचारा. हां, हिच्याकडं असंल. हिचा बाप निपाणीत खोकून खोकून गेला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खोटं काय म्हणणार? माझे वडील शेवटची काही वर्षं उशीला टेकून बसल्या बसल्याच झोपायचे. ते मला आठवलं आणि वाटलं, हे मीच घेऊन आले की काय माझ्या पोरासाठी.

"तंबाखूच्या वखारीत होते ते," मी एवढंच म्हटलं.

"म्हणजे त्यांचा खोकला खकाण्याचा असेल, किंवा उपजत असेल, किंवा दोन्ही. आज ते कळणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि तुम्ही राहता कुठं?"

"मेन रोडला," आत्याबाई म्हणाल्या.

"कांडपाच्या वर," मी म्हटलं.

आत्याबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की दुसरी असती तर जागच्या जागी वाळली असती. डॉक्टरांनी मग विचारत विचारत सगळं काढून घेतलं. खिडक्या कुठं उघडतात, पोर झोपतं कुठं, घरात धूर कशाकशाचा होतो. मी दृष्टीचंही सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"मावशी, ऐका," ते म्हणाले. "नातवाची छाती उपजतच हळवी आहे. ती आईकडून आली असेल, बापाकडून आली असेल, दोघांकडून थोडी थोडी आली असेल. नुसत्या तेवढ्यानं पोर असं आडवं पडत नाही. पण त्या हळव्या छातीत रोज मिरचीचा खकाणा जातोय आणि वरून धूर जातोय. श्वासाच्या नळ्या आवळून बसतात. उपजत आलेलं मला काढता येत नाही. खकाणा तुम्हाला काढता येतो. मी औषध देतो, ओढायचा पंप देतो. पण हंगाम संपेपर्यंत पोराला त्या घरातून बाहेर ठेवा."

आत्याबाई उभ्याच राहिल्या. "चल गं."

"आत्याबाई, पंप कसा द्यायचा ते..."

"चल म्हटलं न्हवं."

मी गेले नाही. पंप कसा धरायचा, त्याला नळकांडं कसं लावायचं, पोराला श्वास कसा घ्यायला सांगायचा, सगळं नीट शिकून घेतलं आणि मगच उठले. त्या बाहेर पायरीवर उन्हात उभ्या होत्या. घरी आल्यावर जिना चढताना म्हणाल्या, "त्या डॉक्टरकडं पुन्यांदा जायाचं न्हाई."

"का?"

"पोरास्नी पंप लावतोय. सवं लागती त्याची."

"श्वास घ्यायची सवय लागली तर वाईट काय आहे?"

"तोंड लई चालतंय तुझं."

"चालतंय. आणि उद्या पायही चालणार आहेत. मी ऋतूला घेऊन निपाणीला जाते. पाऊस लागला की येते."

आत्याबाई वरच्या पायरीवर वळल्या. हातानं कठडा धरलेला. मी खालच्या पायरीवर, पोर काखेत. "तू खुशाल जा," त्या म्हणाल्या. "पोर हितंच ऱ्हाईल. हे पोर घरातनं जायाचं न्हाई."

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, घराण्याचा मान. कांडपवाल्यांच्याच पोराला कांडपानं दमा झाला, हे गावभर झालं तर रांगेतल्या बायका दुसरीकडे जातील. एका मशीनसाठी ही बाई नातवाचा जीव टांगणीला लावतेय. मी ह्यांना सांगितलं. हे खाली मान घालून टेंपोचा आरसा पुसत होते. म्हणाले, "बघू."

"काय बघू? पोरगं निळं पडल्यावर बघणार?"

हे आरसाच पुसत राहिले. मला ह्यांचाही संताप आला. मी कपड्यांची पिशवी भरून ठेवली. सकाळच्या एस.टी.नं निघायचं ठरवलं, कुणी आडवं आलं तर येऊ दे.

पण त्या संध्याकाळीच व्हायचं ते झालं. दिवसभर खाली ब्याडगी आणि लवंगीचे घाणे चालू होते, बाहेर रांग रस्त्यापर्यंत. दुपारी मी पंप दिला होता, पोर जरा खेळलंही होतं. दिवे लागता लागता मी भाकरीचं पीठ मळायला बसले आणि बाहेरच्या खोलीतून ओळखीचा वास आला. हातातलं पीठ तसंच ठेवून मी धावले. आत्याबाईंनी घमेलं पेटवून आणलं होतं. ऋतूला समोर बसवलं होतं. मिरच्या निखाऱ्यांवर पडल्या होत्या आणि त्या पुटपुटत होत्या, "आल्यागेल्याची, शेजारापाजाराची, कुणाची लागली असंल त्याची, जळून जाऊ दे."

ऋतू खोकत नव्हता. तेच भयंकर होतं. खोकायलाही श्वास लागतो, तो त्याच्याकडे नव्हता. दोन्ही हात जमिनीला टेकून, खांदे वर ओढून तो माझ्याकडे बघत होता.

मी पाण्याची कळशी उचलली आणि घमेल्यात रिकामी केली.

फस्सकन वाफ उठली. राखेचं काळं पाणी फरशीवर पसरलं. दृष्टीचे निखारे विझवायचे नसतात, हे मलाही माहीत होतं. आत्याबाईंचा हात मुठीसकट हवेत तसाच राहिला.

"शालन," त्या म्हणाल्या. एवढंच.

मी पोराला उचलून खिडकीपाशी नेलं, पंप लावला, आणि पंप देता देताच बोलले. मला आजही तो शब्द न् शब्द आठवतो. "आत्याबाई, या घरात मोठ्या माणसाला ठसका लागलेला तुम्ही कधी बघितलाय? खाली पोत्यांनी मिरची कुटली जाते, त्यात उभं राहून तुम्ही चहा पिता. मीही पिते. या मूठभर मिरच्यांनी आपल्याला काय होणार आहे? दृष्ट असू दे, नसू दे, आपण खोकणारच नाही. म्हणजे या घरात दृष्ट रोज निघणार. जन्मभर निघणार. ठसका लागतो तो एकट्या ह्या लेकराला, आणि त्याचं तुम्ही धरत नाही."

त्यांनी विझलेलं घमेलं स्वतःकडे ओढून घेतलं.

"मलाबी लागतोय," दारातून आवाज आला.

आमचे हे दारात उभे होते. तोंडावर रुमाल, डोळे लाल झालेले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण धुराच्या खोलीत मी ह्यांना पहिल्यांदाच बघत होते.

"सर्ज्या, तू गप," आत्याबाई म्हणाल्या.

"किती दिवस गप बसू? सांगा तिला. मी आजऱ्याला कशासाठी ऱ्हायलो ते सांगा." एवढं बोलेपर्यंत ह्यांना असा खोकला आला, की चौकट धरून वाकावं लागलं. त्या खोकल्यामागे बारीक शिट्टी होती. माझ्या ओळखीची.

पुढचं ऐकायला वेळ नव्हता. ह्यांनी पोराला माझ्याकडून घेतलं, जिना उतरले, टेंपो चालू केला. मी पुढं बसले. टेंपो हलणार तेवढ्यात मागच्या हौद्यात धप्पकन आवाज झाला. आत्याबाई अनवाणी चढून बसल्या होत्या, मिरचीच्या पोत्यांवर.

डॉक्टरांनी ऋतूच्या तोंडाला मुखवटा लावला. यंत्र घरघरायला लागलं, औषधाची पांढरी वाफ त्याच्या नाकातोंडातून जायला लागली. डॉक्टर त्याच्या बरगड्यांवर नजर ठेवून उभे होते. थोड्या वेळानं मागं वळून त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, आता जरा करड्या आवाजात. "मला खरं पाहिजे. घरात कुणाला होता?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. पण बोलल्या त्या आत्याबाई.

"ह्याला. माझ्या लेकाला. अस्साच हुता." त्यांनी पदर दोन्ही हातांनी धरला होता. "हिच्या बापाचं काय न्हाई त्यात. आमच्यातलंच हाय."

डॉक्टरांनी मान हलवली आणि परत पोराकडे वळले. रागावले असते तर आत्याबाईंना बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

आम्ही दोघी भिंतीकडेच्या बाकावर बसलो. हे पोराचा हात धरून उभे होते. यंत्राची घरघर चालू होती, आणि तिच्या आडोशानं आत्याबाई बोलल्या. माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीशी बोलावं तसं.

"ह्याएवढाच हुता. अशीच छाती वाजायची. त्यावक्ती एक वैद्य हुता, त्यानं सांगितलं, ह्या खकाण्यातनं पोराला हलवा. तवा तुझं मामंजी हुतं. मी त्यांस्नी म्हटलं, मशीन तरी हलवू कुठंतरी. मामंजी म्हणालं, एका पोरासाठी धंदा हलवायचा व्हय? आन् आजऱ्याला न्हेऊन सोडला, माझ्या भावाकडं. तितं चार दिवसांत हुंदडाय लागला. मला वाटलं, हंगाम सरला की आणू. आणला की परत छाती वाजायची. परत धाडायचा. मग म्हणालं, आता सारखं आणू नगा, पोराची शाळा बुडती."

"मला शाळेसाठीच सांगितलं होतं," मी म्हटलं.

"सगळ्यांस्नी तेच सांगितलं. मिसरूड फुटल्यावर आला परत. माझ्या वैनीला आई म्हणायचा. आन् मला म्हणाला, 'तुम्ही बसा, मी पाणी घेतो.' पाव्हण्यागत. अजून तसंच बोलतोय."

इतकी वर्षं मी ज्याला रीतभात म्हणत होते, ते हे होतं.

"मग तुम्ही मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. "मी काय परकी होते?"

"काय सांगू? दमा म्हटलं की पोर जातंय, शालन. दृष्ट असली तर घरातल्या घरात निघती. मला वाटलं, दृष्टच असू दे."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला त्या बाईची भडभडून दया आली. आणि चीडही आली, की दोघी एका घरात, एकाच पोरासाठी जीव काढतोय आणि एकमेकींपासून त्याला लपवतोय. मी त्यांचा हात हातात घेतला. तिखटानं वर्षानुवर्षं लाल झालेली बोटं, कितीही साबण लावला तरी न निघणारी. त्यांनी हात काढून घेतला नाही.

ऋतूचे खांदे हळूहळू खाली आले. डॉक्टरांनी मुखवटा काढला तेव्हा तो पहिलं वाक्य बोलला, "आजी, तुझी चप्पल कुठाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी. माझ्यावाचून गेली. पोर डॉक्टरांकडेच झोपलं होतं, नर्सबाई त्याच्याजवळ होत्या, आत्याबाई पहाटेच घरी परतल्या होत्या. मी ह्यांच्या टेंपोतून कपडे न्यायला घरी आले, तर रस्त्यावर ही गर्दी. ऐन हंगाम, आणि कांडप बंद. बायका पिशव्या, डबे, पोती घेऊन उभ्या. आत आत्याबाई मुसळांच्या कठड्यावर बसलेल्या, बटण बंद, पदर खांद्यावर.

"हौसाक्का, घरात लगीन हाय माझ्या," भडगावची एक बाई आत्याबाईंवर कावली होती. "मसाला कवा हुयाचा? मशीन बिघडलं का काय?"

"मशीन चांगलं हाय."

"मग?"

"मशीन चाललंय गावाबाहीर. संकेश्वर रोडला टेंपोची शेड हाय आमची, तितं बसवतोय. तितं या."

"आता ऐन हंगामात? आन् इतक्या लांब कोण येणार?"

"येशीला. मसाला पायजे तर येशीला." आत्याबाई उठल्या. "मागल्या खेपेला माझं पोर बाहीर गेलं. ह्या खेपेला मशीन जाईल."

त्या बाईला काही कळलं नाही. मला कळलं. आणि माझ्या मागे टेंपोतून उतरून पाणी न्यायला आलेले आमचे हे उभे होते, त्यांनाही कळलं. ते आत आले, लग्नानंतर पहिल्यांदा कांडपात आले, तोंडाला रुमाल बांधला आणि पट्टा उतरवायला लागले. आत्याबाईंनी त्यांना ढकलून बाहेर काढलं. "तुझं काम न्हाई हे. तू टेंपो लाव." मग आम्ही दोघींनी पान्हे हातात घेतले. रांगेतल्या चार बायकाही पिशव्या ठेवून आत आल्या, शिंकत शिंकत, आणि मुसळं उचलू लागल्या.

शेडमध्ये यंत्र बसलं, तेव्हा मी म्हटलं, "आत्याबाई, तुमची चहाची बशी कुठं ठेवू?"

त्यांनी डोक्याला बांधायचं फडकं सोडलं आणि माझ्या हातात दिलं. "कांडप आता तू बघायचं. तुला ठसका लागत न्हाई."

"आणि तुम्ही?"

"मी पोरापाशी. माझं मागलं ऱ्हायलंय."

लोक लांब येतील का, ही धास्ती मला एकटीलाच होती. पहिल्या आठवड्यात ओळखीच्या तेवढ्या आल्या, मग त्यांच्या मागून बाकीच्या. आज त्या रस्त्याला नाईकवाड्यांचं कांडप म्हटलं की कुणीही बोट दाखवतं, आणि आतमध्ये चहाची बशी घेऊन मी उभी असते. घरचे कायदे मात्र आत्याबाईंचे. कांडपातून आल्यावर मागच्या दारानं यायचं, परसात डोक्यावरून आंघोळ, लुगडं बदलल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. एकदा मी घाईत तशीच आत आले, तर त्यांनी मला पाव्हण्यांसमोर बाहेर काढलं. घराला त्यांनी स्वतः चुना दिला, गाद्या उसवून कापूस उन्हात घातला, घमेलं भंगारवाल्याला देऊन टाकलं. ऋतूची छाती हळवी ती हळवीच राहिली. पंप लागायचा, थंडीत जास्त लागायचा. पण तो धावायचा, झाडावर चढायचा, मार खायचा, आमच्याच घरात झोपायचा. आमचे हे गच्चीवरून खाली आले.

दुसऱ्या हंगामातली गोष्ट. संध्याकाळी मी आमटीला फोडणी घालत होते. बोलण्याच्या नादात तेल तापत राहिलं आणि लाल मिरच्या टाकल्या त्या काळ्याठिक्कर पडल्या. मी पटकन खिडकी उघडली. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून एक आवाज आला, जो मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. मी डाव टाकून धावले.

आत्याबाई खोकत होत्या. तोंडाला पदर, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, चेहरा लालबुंद. एक उबळ संपते न संपते तोवर दुसरी. ऋतू शेजारी उभा. तोही दोनदा खोकला, आणि मग खिशातून स्वतःचा पंप काढून मोठ्या जाणकारीनं त्यांच्यापुढे धरला.

"आजी, हा ओढ. मी सांगतो तसा ओढ."

त्या हसायला लागल्या, त्यानं आणखी ठसका लागला. आमचे हे खोकत खोकत आतून पाण्याचा तांब्या घेऊन आले. "आई, तू आधी पाणी पी," म्हणाले.

आत्याबाईंनी तांब्या घेतला. लगेच प्यायल्या नाहीत. लेकाकडे बघत राहिल्या. मग घटाघटा पाणी प्यायल्या, डोळे पुसले, आणि दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे, त्या खोलीत एकट्या कोरड्या उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"बघितलंस? ठसका लागला. न्हाई कुणाची दृष्ट आपल्याला."